शाळा बदलावी, पण कोणासाठी?

परीक्षा आटोपल्या, निकालपत्रके हाती आली आणि विदर्भातील उन्हाने दुपारी घराबाहेर पडणे अशक्य केले, की वर्धा शहराला लागून वाढलेल्या सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे या वस्त्यांतील घराघरांत दरसाल एकच चर्चा सुरू होते. मुलाला यंदा त्याच शाळेत ठेवावयाचे, की दुसऱ्या शाळेत घालावयाचे? आई एक म्हणते, वडील दुसरे म्हणतात, आजोबा आपल्या काळाचे दाखले देतात, शेजारच्या मुलाच्या नव्या गणवेशाचा उल्लेख होतो. आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे ते आठ-नऊ वर्षांचे मूल दाराआड उभे राहून ऐकत असते. त्याला मात्र कोणी काही विचारीत नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. तेवढे अधिक दिवस हा घोळ येथे चालतो.

असल्या घरगुती प्रश्नाला वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर स्थान कशासाठी, असे कोणी विचारील. एका घराने घेतलेला निर्णय घरगुती असतो हे खरे. पण हजारो घरे एकाच हंगामात, एकाच दिशेने, बहुधा एकाच भीतीपोटी तोच निर्णय घेऊ लागली म्हणजे ती सार्वजनिक घटना होते. तिचा परिणाम जाणाऱ्या मुलांवर होतो, मागे राहणाऱ्यांवर होतो आणि ज्या भाषेत हे वृत्तपत्र छापले जाते त्या भाषेच्या भवितव्यावरही होतो. म्हणून या प्रश्नाचा विचार निकालाच्या रागाच्या भरात किंवा शेजाऱ्यांच्या देखादेखीने न होता शांतपणे व्हावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. काही परिस्थितींत शाळा बदलणे योग्यच असते. इतकेच नव्हे, न बदलणे हा मुलावर अन्याय असतो. ज्या शाळेत मुलाला मारहाण होते, जातीवरून वा गरिबीवरून ज्याला हिणविले जाते, ज्या वर्गाला वर्षातले कित्येक महिने शिक्षकच नसतो, ज्या मुलाला ऐकण्याची, पाहण्याची किंवा वाचण्याची अडचण आहे आणि ती ओळखण्याचीही कोणाची तयारी नसते, तेथे निष्ठेच्या गोष्टी सांगणे हा दंभ होय. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. तक्रार करूनही ती थांबत नसेल तर पालकाने मुलाचा हात धरून बाहेर पडावे. त्यासाठी कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. वडिलांची बदली झाली, रोजचा प्रवास मुलाच्या झोपेवर आणि खेळावर उठला, ही कारणेही तितकीच रास्त आहेत.

परंतु आज जी स्थलांतरे होत आहेत त्यांतील बहुतेकांची कारणे ही नव्हेत, असे आमचे निरीक्षण आहे. मूल शाळेत रमलेले असते, बाईंचे नाव घेताच त्याचा चेहरा फुलतो, अभ्यास बेताचा पण ठीक चाललेला असतो. आणि तरीही त्याला हलविण्याचे घाटत असते. कारण विचारले तर उत्तर येते की, तिकडे इंग्रजी माध्यम आहे, तिकडचे बोर्ड निराळे आहे, साहेबांची मुले तिकडे जातात. या कारणांत मुलाविषयी एकही वाक्य नसते. ती सारी पालकांच्या प्रतिष्ठेविषयी, किंवा अधिक सहानुभूतीने बोलावयाचे तर पालकांच्या धास्तीविषयी असतात. ही धास्ती खोटी नाही, पण तिच्यावर शाळाबदल हे औषध आहे की नाही, हे तपासून पाहावयास हवे.

हा प्रश्न वर्ध्याच्याच अंगणात विचारला जावा यात इतिहासाचा एक विलक्षण योग आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि हाताच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेले, असे ठराव तिने केले. शिक्षकांच्या वेतनाचा भार हळूहळू या कामातून उचलला जावा, अशी अपेक्षाही व्यक्त केली. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अभ्यासक्रमाचा आराखडा दिला आणि पुढल्या वर्षी स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालिमी संघाने आर्यनायकम् दांपत्याच्या नेतृत्वाखाली सेवाग्रामात प्रत्यक्ष काम आरंभिले. सिंदी मेघेपासून सेवाग्राम काही मैलांवर आहे. भारतातील प्रत्येक मुलाला आपल्या भाषेत, आपल्या परिसरात शिकता यावे ही घोषणा जेथून झाली, त्याच परिसरातील पालक आज त्या दोन्ही गोष्टींपासून मुलाला दूर नेण्यासाठी कर्ज काढावयास तयार आहेत.

हे असे का झाले? पालकांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे, पण ते सत्याला धरून होणार नाही. बुनियादी शिक्षण ही खेड्यातील गरिबांची सोय आहे आणि आपली मुले ‘खऱ्या’ शाळेतच जावयाची, असे ज्यांनी मनाशी ठरविले त्यांत तेव्हाचे पुढारी, अधिकारी आणि आमच्यासारखा सुशिक्षित मध्यमवर्गच आघाडीवर होता. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने हा धोका अचूक ओळखला होता. त्याने समान शाळापद्धतीचा आणि शेजारशाळेचा पुरस्कार केला: एका परिसरातील सर्व मुले, मग ती कलेक्टरची असोत की हमालाची, एकाच शाळेत जातील, म्हणजे ती शाळा चांगली ठेवणे सर्वांनाच भाग पडेल. या शिफारशीची वाखाणणी झाली आणि अंमलबजावणी झाली नाही. ज्या वर्गाचा शब्द शासनदरबारी चालतो त्याची मुले एकदा सरकारी शाळेतून बाहेर पडली, की त्या शाळेच्या गळक्या छपराविषयी तक्रार करणारा आवाजही बाहेर पडतो. शेजारशाळा उभी राहिली असती तर ‘शाळा बदलावी काय’ हा प्रश्न आज इतक्या घरांत पडलाच नसता. नई तालीमची ज्योत मात्र विझलेली नाही. सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा पुन्हा चालू आहे आणि शेती, स्वयंपाक, सूतकताई यांच्या आधाराने मुले गणित आणि विज्ञान कसे शिकतात हे तेथे जाऊन कोणालाही पाहता येते.

आता इंग्रजीकडे वळू; कारण या साऱ्या धावपळीच्या मुळाशी तीच आहे. उच्च न्यायालयात, वैद्यकीय महाविद्यालयात, मोठ्या कारखान्याच्या कचेरीत इंग्रजीवाचून अडते. ते येत नसल्यामुळे हुशार मुलाला खाली मान घालावी लागते, हा अनुभव ज्या बापाने घेतला आहे त्याला मातृभाषेची थोरवी ऐकवून समाधान वाटणार नाही. वाटावे अशी अपेक्षाही करू नये. इंग्रजी चांगले आलेच पाहिजे. पण इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करण्यावर अनेकांचा धंदा चालतो. महाराष्ट्रातील मराठी शाळांतून २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून शिकविणारे सेमी-इंग्रजी वर्गही पुष्कळ शाळांत आहेत. ते शिकविणे सर्वत्र चांगले होते असे आम्ही म्हणणार नाही. पण तेथे उणीव असेल तर ती चांगल्या इंग्रजी शिक्षकाची आहे, मराठी माध्यमाची नव्हे.

तिसरी-चौथीतले मूल एका माध्यमातून दुसऱ्यात टाकले म्हणजे काय होते याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. काल ज्याला ‘शेतकऱ्याने बारा क्विंटल कापूस विकला’ हे उदाहरण वाचताच बेरीज करावी की गुणाकार हे उमगत होते, ते आज त्याच उदाहरणापुढे मुके होते. कारण गणित अडलेले नसते, वाक्य अडलेले असते. वर्गात हात वर करणारे मूल हात खाली ठेवू लागते. घरी आई मराठी शाळेत शिकलेली. वऱ्हाडी वळणाची मराठी बोलणारी ती माउली पूर्वी अभ्यास घेत असे, आता तिला पुस्तक समजत नाही आणि आपल्याच मुलापुढे तिला संकोच वाटतो. मग शिकवणी लागते, शिकवणीत उत्तरे पाठ होतात, गुण मिळतात आणि सारे ठीक चालले आहे असे सर्वांना वाटू लागते. काही वर्षे शिक्षकाचा पेशा केलेल्या आम्हांला अशी पाठ केलेली उत्तरे ओळखू येतात. शब्द बिनचूक असतात, पण प्रश्न थोडा फिरवून विचारला की मूल गप्प होते. ज्या घरांत हिंदी किंवा गोंडी बोलली जाते त्या मुलांना तर हा ओलांडा दुसऱ्यांदा घ्यावा लागतो.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. आंध्र प्रदेशात २००८ पासून एक मोठा प्रयोग झाला. सरकारी शाळांतील इच्छुक मुलांतून सोडतीने काहींना खासगी शाळेत जाण्याचा खर्च देण्यात आला आणि सोडतीत नाव न आलेल्या मुलांशी त्यांची तुलना करण्यात आली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणित या विषयांत शाळा बदललेल्या आणि न बदललेल्या मुलांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळांतील मुले पुढे होती. खासगी शाळा दर मुलामागे सरकारी शाळेच्या एकतृतीयांशाहूनही कमी खर्चात हे साधत होत्या, हाही त्यांच्या पदरात टाकण्याजोगा गुण आहे. परंतु शाळा बदलली की मूल आपोआप हुशार होते, या समजुतीला या प्रयोगाने आधार दिला नाही. सरकारी शाळांच्या कैवाऱ्यांनीही यावरून मिशांना पीळ देऊ नये. ‘असर’ च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्क्यांना दुसरीचा उतारा वाचता आला. खासगी शाळांचे प्रमाण याहून बरे असले तरी तेथेही तिसरीतील निम्म्याहून अधिक मुले त्या उताऱ्याशी अडखळली. गणवेश आणि माध्यम बदलून हे दुखणे जात नाही, एवढाच याचा अर्थ.

कायदा या बाबतीत पालकाला काय देतो, हेही माहीत असावे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या ५ व्या कलमानुसार मुलाला कोणत्याही कारणाने शाळा सोडावी लागली तरी दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा त्याला हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, विलंब केल्यास तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो, आणि दाखला मिळाला नाही या सबबीवर नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. फी थकली म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला दाबून ठेवणाऱ्या संस्थांनी हे कलम वाचावे आणि पालकांनी ते पाठ करावे. उलट, विनाअनुदानित खासगी शाळेत मधल्या वर्गात शिरण्याचा असा हक्क कायदा देत नाही. दुर्बल व वंचित घटकांसाठीच्या पंचवीस टक्के जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गातच भरल्या जातात. तेवढा दरवाजाही राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना सूट देऊन, लोटून घेण्याचा प्रयत्न केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो नियम रद्द ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. सारांश, बाहेर पडणे सोपे आहे, परत सरकारी शाळेत येणेही सोपे आहे. पण मध्येच खासगी शाळेत जाणाऱ्याला तेथे पैशाच्या बळावरच टिकावे लागते. पहिल्या वर्षाची फी भरता येते. दहावीपर्यंतची भरता येईल काय, याचा हिशेब आधी मांडावा. अर्ध्यावर परतावे लागलेल्या मुलाचे माध्यम दोनदा बदलते आणि ते आगीतून फुफाट्यात पडते.

मागे राहणाऱ्या शाळेचे काय होते, हा या प्रश्नाचा दुसरा पदर आहे. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन आणि एकसष्ट ते नव्वद मुलांसाठी तीन शिक्षक असावेत, असे प्रमाण आहे. म्हणजे एकसष्टावे मूल दाखला घेऊन गेले की तिसऱ्या शिक्षकाच्या जागेचा कायद्यातील आधारच निघून जातो. राज्याची संचमान्यताही पटसंख्येवरच ठरते. पट घटला म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून शिकविणे पातळ, ते पातळ झाले म्हणून आणखी मुले बाहेर, असे हे चक्र आहे. आणि त्याच्या शेवटी, सप्टेंबर २०२३ मध्ये सुचविल्याप्रमाणे, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोडून समूह शाळा करण्याचा विचार उभा राहतो. ज्यांच्याजवळ फी भरण्यास पैसे नाहीत त्यांची मुले या चक्राखाली सापडतात.

यावरून कोणी असा उपदेश करील की, मराठी शाळा वाचविण्यासाठी पालकांनी मुले तेथेच ठेवावीत. हा उपदेश आम्हांस मान्य नाही. मुलासाठी शाळा असते. शाळेसाठी मूल नसते. मराठीचे ऋण फेडण्याची जबाबदारी आठ वर्षांच्या लेकरावर टाकून मोठ्यांनी मोकळे होऊ नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आनंदोत्सव करणाऱ्यांनी आपल्या गावच्या मराठी शाळेत किती शिक्षक आहेत हे मोजले असते तर बरे झाले असते. शासनाचे वर्तनही पालकांचा विश्वास वाढविणारे नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय होतो, जूनमध्ये तो फिरवून पुन्हा काढला जातो आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मागे घेतला जातो. ज्या घरातील मूल पहिलीत जावयाचे आहे त्या घराने काय समजावे? शाळेत पूर्ण शिक्षक, त्यांच्या माथ्यावरील अशैक्षणिक कामांची घट, इंग्रजी शिकविणारा एक तयार शिक्षक आणि निदान पाच वर्षे न बदलणारे धोरण, एवढे शासनाने दिले तरी पालकांची पावले आपोआप थांबतील. मातृभाषेतून किमान पाचवीपर्यंत शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणते. ते म्हणणे कागदावरून वर्गात आणणे शासनाचे काम आहे.

पालकांना आमचे सांगणे थोडके आहे. दोन्ही शाळा चालू दिवशी पाहा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी नव्हे. इमारत पाहण्याआधी मुलांच्या वह्या पाहा: त्या तपासल्या जातात काय, चुकीपुढे नुसती फुली आहे की दुरुस्ती आहे? वर्गात मुले प्रश्न विचारतात काय? मूल शाळेत जाण्याच्या वेळी रोज पोट दुखते म्हणते काय, आणि म्हणत असेल तर का? आताच्या शिक्षकांशी एकदा तरी मनमोकळे बोलला आहात काय? पुष्कळ दुखणी एका भेटीत आणि सहामाहीभरच्या धीरात बरी होतात. दुरून डोंगर साजरे दिसतात. तिकडची फी आणि तिकडची शिकवणी जवळ गेल्यावरच दिसते. आणि शेवटी त्या दाराआड उभ्या असलेल्या मुलाला आत बोलावून विचारा. निर्णय त्याच्यावर सोपवू नका, तो मोठ्यांनीच घ्यावयाचा आहे. पण त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून घेऊ नका.

एवढे करून बदल आवश्यक वाटला तर तो निःशंक मनाने करावा आणि मुलाला नव्या जागी रुळण्यास वर्षभराचा अवधी द्यावा. वाटला नाही तर आज फीसाठी बाजूला काढलेल्या पैशातून चार चांगली पुस्तके घ्यावीत आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या पुढल्या सभेला जाऊन बसावे. त्या सभेत निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. सिंदी मेघेच्या सुशिक्षित घरांतील दहा माणसे तेथे नियमाने जाऊ लागली आणि रिकाम्या शिक्षकपदाविषयी दर महिन्याला जिल्हा परिषदेस विचारू लागली, तर पुढल्या उन्हाळ्यात हा प्रश्न थोड्या कमी घरांत पडेल.